मुलांच्या पोटात चोथा जावा कसा? (डबा, खाऊ आणि संडासातला पाऊण तास)

केजीचीआई | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मुलगा पाच वर्षांचा, सीनियर केजीत. दिवाळी झाल्यापासून आमच्याकडे सकाळी एकच कार्यक्रम चालू आहे. तो संडासात, मी दाराबाहेर. "झालं का रे?" "नाऽऽही." पाऊण तास. स्कूलबस दोनदा चुकली, आणि मला ऑफिसात उशिराचं खरं कारण सांगता येईना.

डॉक्टर म्हणाले, चोथा (फायबर) वाढवा. "कसा?" विचारलं तर म्हणे फळं, भाज्या द्या. हे मलाही माहीत होतं हो! खरा प्रश्न आमच्या चिरंजीवांना ते कोण सांगणार हा आहे.

सध्याचं खाणं प्रामाणिकपणे लिहिते, हसू नका. सकाळी चॉकलेट पावडर घालून कपभर दूध. छोट्या सुट्टीला जॅम-ब्रेड किंवा बिस्किटं. दुपारी वरणभात-तूप. शाळेतून आल्यावर दूध. खेळून आल्यावर क्रीमची बिस्किटं, सध्या उरलेले शंकरपाळे. रात्री दुधात कुस्करलेली पोळी. झोपताना पुन्हा दूध. भाजी म्हणजे फक्त बटाटा. फळ म्हणजे अर्धं सफरचंद, तेही साल काढून.

कणकेत बीट मळून पाहिलं. "गुलाबी पोळी नको" म्हणून ताट परत. तेव्हापासून साध्या पोळीकडेही संशयाने बघतो.

औषधं नकोत, ती डॉक्टर बघतील. तुमच्या घरी रोजच्या जेवणात आणि खाऊत काय चालतं ते सांगा.

---

टवाळखोर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:५२

धागा जेवताना उघडला, चूक माझीच. तरी मोठा चालणार असं दिसतंय, बसायला जागा धरून ठेवतो.

---

उसळप्रेमी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१०

ताई, चार वेळा दूध! दुधात चोथा शून्य, आणि त्याने पोट भरतं ते वेगळंच. मग पोळीला भूक कुठून राहणार? माझ्या मुलीचं असंच होतं. आधी झोपतानाचं दूध बंद केलं, मग रात्रीची दुधात कुस्करलेली पोळी. पहिले चार दिवस घरात महाभारत झालं. पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला स्वतः येऊन "भूक लागली" म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आधी काय वाढवायचं ते बघू नका, काय कमी करायचं ते बघा.

---

आबा_साताऱ्याचे | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

आमच्या आईने आम्हा सहा भावंडांना दर पंधरा दिवसांनी रविवारी एरंडेल पाजलं. नाक दाबून. कोणाला काही झालं नाही. नाहीतर रात्री कोमट दुधातून चमचाभर इसबगोल द्यावा, सकाळी काम फत्ते. एवढ्यासाठी धागे कशाला काढायचे?

---

हिशोबनीस | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मला आकड्यांशिवाय काही कळत नाही, म्हणून हिशोब मांडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यांतले १०० ग्रॅममागे चोथ्याचे आकडे, सगळे कच्च्या पदार्थांचे:

गव्हाची कणीक ११.४, मैदा २.८, पांढरा तांदूळ २.८. ज्वारी १०.२, बाजरी ११.५, नाचणी ११.२. हरभरा डाळ १५ आणि अख्खा हरभरा २५! पेरू साडेआठ.

लहान मुलांसाठी एक सोपा ठोकताळा आहे, वय अधिक पाच. म्हणजे तुमच्या मुलाला दिवसाला १० ग्रॅम. आता त्याचा दिवस: दूध ०, बिस्किटं किरकोळ, दोन स्लाइस ब्रेडचे दीडच्या आत, वरणभाताचे दोन-अडीच, एका पोळीचे (२५ ग्रॅम कणीक धरली) पावणेतीन, बटाटा आणि सोललेलं सफरचंद मिळून दोन. बेरीज आठ-साडेआठ. नापास, पण काठावर.

गंमत बघा, एक मध्यम पेरू म्हणजे या अख्ख्या दिवसाएवढा चोथा.

---

म्युनिकची_मावशी | १७ नोव्हेंबर, दुपारी २:१५

हिशोबनीस, हा ठोकताळा किमान आकड्याचा आहे. अमेरिकेत १००० कॅलरींमागे १४ ग्रॅम असा हिशोब धरतात. पाच वर्षांचं पोर १४०० कॅलरी खात असेल तर २० ग्रॅम होतात. त्या मापाने हे काठावरचं नापास नाही, निम्मेच मार्क आहेत.

---

हिशोबनीस | १७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

मान्य. तरी मी १०पासूनच सुरुवात करीन. आठवरून एकदम वीसवर गेलात तर मुलाचं पोट फुगेल आणि घरात कोणी धाग्याचं नाव काढू देणार नाही.

---

डॉ_बाराखडी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणालाही औषध सांगणार नाही, पण दोन-तीन गोष्टी राहवत नाहीत म्हणून लिहिते.

आबा, राग मानू नका, पण एरंडेल अजिबात नको. पोटात मुरडा येतो आणि मूल संडासाला आणखी घाबरतं. इसबगोलही मनाने देऊ नये. तो पाणी शोषून फुगतो, बरोबर पुरेसं पाणी गेलं नाही तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

आता मुख्य मुद्दा. पाऊण तास बसणारं मूल नेहमी 'करायचा प्रयत्न' करत असतंच असं नाही. बऱ्याचदा ते धरून ठेवत असतं. एकदा कडक झालेली शी दुखली की दुसऱ्या दिवशी मूल ती अडवतं. जेवढी आत राहते तेवढी ती आणखी कोरडी आणि मोठी होते, म्हणजे पुढच्या वेळी आणखी दुखते. पाय आवळून कोपऱ्यात उभं राहणं, चवड्यांवर चालणं, लालबुंद होणं याला आईवडील 'जोर लावतोय' समजतात. तो जोर उलट दिशेने असतो.

अशा अडकलेल्या पोटावर नुसता चोथा ओतून उपयोग नाही. आधी साचलेलं मोकळं करावं लागतं, त्याची औषधं डॉक्टर देतात आणि ती कधी कधी काही महिने चालवावी लागतात. चोथा हवाच, पण तो पुन्हा तसं होऊ नये म्हणून.

चड्डीला वारंवार डाग लागत असतील तर त्याला जुलाब समजू नका, साचलेल्याच्या बाजूने पातळ झिरपत असतं. रक्त, उलट्या, पोट टम्म फुगणं, वजन न वाढणं किंवा जन्मापासूनच हा त्रास, यांतलं काही असेल तर थेट डॉक्टरांकडे.

आणि पाऊण तास नको. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, तेव्हा पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही.

---

केजीचीआई | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

डॉक्टर, चवड्यांवर चालणं! आम्ही त्याला 'आमचा बॅले डान्सर' म्हणायचो. आता स्वतःचाच राग येतोय. उद्याच पुन्हा दाखवून आणते.

---

आबा_साताऱ्याचे | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:००

डॉक्टरबाई, एरंडेल मागे घेतो. पण एक सांगतो, आमच्या लहानपणी ते सोडून बाकी सगळं चोथ्याचंच होतं. न्याहारीला शिळी भाकरी, चटणी, कांदा. दिवसभर रानात बोरं, चिंचा, ऊस, करवंदं. बिस्किट मिळायचं ते आजारी पडल्यावर.

---

टवाळखोर | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

बिस्किट आजारी पडल्यावर मिळायचं. आता बिस्किट खाऊन आजारी पडतात. प्रगती आहे.

---

रानमेवा | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

बीटाबद्दल बोलते. हे लपवाछपवीचं तंत्र मला मुळीच पटत नाही. सॉसमध्ये भोपळा, पराठ्यात पालक, केकमध्ये गाजर. पोराला कधी कळतच नाही की आपण भाजी खातो. मोठा झाला की भाजी कोण लपवणार? बायको?

आम्ही सोलापूरकडचे. माझ्या मुलांना भाकरी 'आवडते का' असं कोणी विचारलंच नाही. ताटात भाकरी, शेंगाचटणी, दही, एक पालेभाजी. खाल्ली तर खाल्ली. मात्र ताटात आमच्याही तेच असायचं. आपण नूडल्स खायचे आणि पोराला शेपू वाढायचा, हे जमत नसतं.

---

म्युनिकची_मावशी | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

रानमेवा, तत्त्व झकास आहे, पण प्रत्येक पोर तुमच्या पोरांसारखं नसतं. माझ्या धाकट्याला पोत सहन होत नाही. पालेभाजीचा धागा जिभेला लागला की ओकारी. त्याला उसळ चालत नाही, पण राजमा वाटून केलेली टिक्की चालते. यात फसवणूक कसली? "राजम्याची टिक्की आहे" असं सांगूनच देते.

इथे गव्हाच्या आणि राय नावाच्या धान्याच्या अख्ख्या दाण्यांचा काळपट ब्रेड मिळतो, विटेसारखा जड. नवी आले तेव्हा नवऱ्याला म्हटलं, हा काय गुरांना घालतात का? आता मुलांना दुसरा चालत नाही. वर लोणी आणि मेथकूट.

---

उसळप्रेमी | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

जर्मन ब्रेडवर मेथकूट!!! हा धागा वसूल झाला.

---

चक्कीनाका | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

माझी पिठाची गिरणी आहे, वडिलांपासून. सगळे पोळी द्या म्हणतायत, म्हणून एक सांगायचंय. घरी कोण पीठ चाळतं ते बघा.

लोक गहू निवडून आणतात, समोर उभं राहून दळून घेतात, "बारीक दळा हं" म्हणतात. घरी जाऊन मैद्याच्या चाळणीने चाळतात. वर राहिलेला कोंडा गाईला. पोळी कापसासारखी मऊ होते, पण चोथा मुख्यतः कोंड्यातच असतो आणि तो खाते गाय. काही गिऱ्हाइकं वर तो वेगळा विकतही घेतात, डॉक्टरांनी सांगितला म्हणून. एका काकूंनी आठवड्यापूर्वी गाईला घातलेला कोंडा पुढच्या आठवड्यात माझ्याकडून नेलाय.

चाळायचंच असेल तर काडीकचऱ्यापुरतं, मोठ्या भोकांच्या चाळणीने. न चाळलेल्या पिठाला पाणी थोडं जास्त लागतं. कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवा, पोळी वातड होत नाही.

---

केजीचीआई | १९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

आत्ता स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. बारीक चाळणी. साबा (सासूबाई) गेली चाळीस वर्षं चाळतायत. आता हे त्यांना कोण सांगणार? (पुन्हा तोच प्रश्न, माणूस बदललं.)

---

आबा_साताऱ्याचे | १९ नोव्हेंबर, दुपारी १:४०

सूनबाईंनी सांगू नये. नातवाने सांगावं. "आजी, मला टपोरी पोळी पाहिजे." आजी गिरणीही बदलेल.

---

हिशोबनीस | १९ नोव्हेंबर, दुपारी २:००

बारीक चाळणी असेल तर पोळीचे पावणेतीन मार्क मी कापतोय. पक्का नापास.

---

पोईवाला | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

गोव्याहून. आमच्याकडे पोई असते, कोंड्याचा गोल पाव, आतून पोकळ, सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) सायकलवर घेऊन येतो. वर कोंडा भुरभुरलेला. मुलगी ती फाडून आत अळसांद्यांचा तोणाक (आमच्याकडच्या चवळीचा रस्सा) भरून खाते. मैद्याचा पाव समोर असला तरी पोईच घेते, कारण 'खिसा' असतो म्हणे. चोथ्याबिथ्याशी तिला काय देणंघेणं! तुमच्या लेकाला डब्यात खिसा देऊन बघा. छोटी जाड भाकरी फुगली की तिचाही होतो.

तसंच उकड्या तांदळाची पेज. पॉलिश न केलेला, लालसर. वरणभात आवडणाऱ्या मुलाला हा बदल अवघड जाऊ नये.

---

सुपारीफूल | २० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

बिस्किटांवर कोणी बोललंच नाही. पाकिटावर गव्हाची लोंबी, तपकिरी रंग, 'पचनाला उत्तम' असं नाव, आणि मागे घटकांत पहिलाच शब्द मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिला शब्द वाचला तरी पुरे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम चोथा असल्याशिवाय 'भरपूर चोथा' असं लिहिता येत नाही, आणि ३ असेल तर फक्त 'चोथ्याचा स्रोत'. आता तो ६चा आकडा नुसत्या कणकेच्या ११शी ताडून बघा.

फळांच्या रसाचंही तेच. गाळला की चोथा गाळण्यात राहिला.

---

टवाळखोर | २० नोव्हेंबर, सकाळी १०:३५

म्हणजे कोंडा गाईला, साल बादलीत, चोथा गाळण्यात, आणि मग आई फोरमवर.

---

केजीचीआई | २० नोव्हेंबर, सकाळी १०:५०

लागलं हं. पण बरोबर आहे.

---

रानमेवा | २० नोव्हेंबर, दुपारी ३:३०

पेरू द्यायचा तर बियांसकट. माझ्या नणंदबाई बिया चमच्याने कोरून काढतात, का तर अपेंडिक्स होतो!

---

उसळप्रेमी | २० नोव्हेंबर, दुपारी ३:४५

आम्हाला तर पोटात झाड उगवेल असं सांगितलं होतं. मी आठ दिवस आरशात कान तपासत होते, फांदी आली का म्हणून.

---

डॉ_बाराखडी | २० नोव्हेंबर, रात्री १०:००

पेरूच्या बियांना घाबरायचं काही कारण नाही, झाडालाही नाही. पेरू नीट पिकलेला आणि चावून खाल्लेला असावा, इतकंच.

घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टींना. घरात चार-पाच वर्षांच्या आतलं धाकटं भावंड असेल तर अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न त्याच्या हाती लागू देऊ नका. श्वासनलिकेत जातात. कूट करून द्या. मोठ्या मुलांनीही हे पळता पळता खाऊ नये.

चोथा दर आठवड्याला थोडा वाढवा आणि बरोबर पाणी वाढवा. शाळेतली बाटली भरलेलीच परत येते का ते बघा. शाळेतला संडास आवडत नाही म्हणून कितीतरी मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत.

---

सुपारीफूल | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

डब्याचं माझं चक्र लिहिते. दोन मुलं, सकाळी वीस मिनिटं, त्यामुळे यात फॅन्सी काही नाही.

भाजणीचं छोटं थालीपीठ, पुरीएवढं, मध्ये भोक; वर लोणी. मोड आलेल्या मुगाचं धिरडं. रात्री वाटून ठेवते. गूळ घालून भोपळ्याचे घारगे, न चाळलेल्या कणकेचे. मुलं त्यांना 'गोड पुऱ्या' म्हणतात, मीही दुरुस्त करत नाही (रानमेवाताई, माफ करा). मेथीचे ठेपले. थंडीत उकडलेलं रताळं, सालीसकट गोल काप, तव्यावर तुपात परतून. पोहे द्यायचे तर पोह्यांइतकेच मटार-गाजर. नुसत्या पोह्यांत चोथा फारसा नसतो. साबुदाण्यात तर नाहीच, तो खिचडीतल्या दाण्याच्या कुटाच्या जिवावर जगतो.

घरी आल्यावरचा खाऊ हीच खरी वेळ. पोर भुकेजलेलं असतं तेव्हा समोर जे असेल ते खातं. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला आणि खाली टेबलावर पेरूच्या फोडी, मीठ-तिखट लावून. कोणी 'खा' म्हणायचं नाही. हे 'खा' न म्हणणंच मला सगळ्यात अवघड गेलं.

---

म्युनिकची_मावशी | २१ नोव्हेंबर, दुपारी १:००

भाजणीचं प्रमाण द्या ना. इथे दळून कोण देणार ते नंतर बघू.

---

सुपारीफूल | २१ नोव्हेंबर, दुपारी १:२५

आमच्याकडचं: ज्वारी ४ वाट्या, बाजरी २, तांदूळ १, गहू १, हरभरा डाळ १, अख्खे उडीद पाऊण, अख्खे मूग अर्धी, धणे अर्धी वाटी, जिरं दोन चमचे. सगळं वेगवेगळं मंद भाजायचं आणि एकत्र दळायचं. प्रत्येक घरचं प्रमाण निराळं असतं. आता इथे भांडण होणार.

---

आबा_साताऱ्याचे | २१ नोव्हेंबर, दुपारी १:३०

तांदूळ कशाला?

---

टवाळखोर | २१ नोव्हेंबर, दुपारी १:३१

झालं सुरू.

*(यापुढचे ३४ प्रतिसाद भाजणीत तांदूळ असावा की नसावा यावर आहेत. ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. - संपादक)*

---

केजीचीआई | १३ जानेवारी, रात्री ९:५०

धागा वर काढतेय, दोन महिन्यांचा हिशोब द्यायला.

डॉक्टरांकडे नेलं. बाराखडीताई म्हणाल्या तेच निघालं, धरून ठेवत होता. औषध सुरू आहे, अजून काही आठवडे चालेल. पहिला आठवडा वाईट गेला, त्यावर लिहीत नाही.

दूध दोन कपांवर आणलं. झोपतानाचं गेलं, रात्रीची कुस्करलेली पोळी अजून आठवड्यातून दोनदा होते. पायाखाली देवघरातला जुना पाट दिला (साबांनी दुसरा घेतला). जेवणानंतर दहा मिनिटं बसतो, हातात गोष्टीचं पुस्तक.

फसलेलं आधी सांगते. नाचणीची खीर: नाही. मोडाची मटकी: 'शेपटीवाली' म्हणून नाही. उकडा तांदूळ: वास घेऊन परत. ज्वारीची भाकरी फक्त फुगलेली असेल तर, आणि मला तीनांतली एक फुगते. 'खिसा' हा शब्द मात्र चालला. त्यात दाण्याचं कूट, गूळ, तूप. डबा रिकामा येतो, निदान खिसा तरी.

पेरू हिट आहे. कारण चवीचं नाही. युक्ती वेगळीच लागू पडली. त्याला उसळप्रेमींची कान तपासायची गोष्ट सांगितली, तेव्हापासून तो रोज अर्धा पेरू खातो आणि आरशात कान बघतो. झाड यायची वाट बघतोय. खरं काय ते सांगितलंय, तरी बघतोच.

आज भोगी. साबांनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली आणि वांगं, गाजर, पावटे, ओला हरभरा, बोरं, सगळं घालून लेकुरवाळी भाजी. त्याने भाजीतला हरभरा वेचून खाल्ला, पावटा एक, वांगं बाजूला. पाच वर्षं पूर्ण झाली असली तरी उद्या बोरन्हाण करायचं म्हणतायत, 'शेवटचं' म्हणून. बोरं, उसाचे करवे, घाटे आणून ठेवलेत.

चाळणी बदलली. कोणी बदलली ते मी विचारलेलं नाही.

---

हिशोबनीस | १३ जानेवारी, रात्री १०:१०

अर्धा पेरू चार, न चाळलेल्या दोन पोळ्यांचे साडेपाच, दाण्याचं कूट आणि हरभरा मिळून दोन, वरणभाताचे दोन. साडेतेरा. पास!

---

चक्कीनाका | १३ जानेवारी, रात्री १०:२५

तुमच्या भागातली गाय मात्र नाराज असेल.

---

उसळप्रेमी | १३ जानेवारी, रात्री १०:४०

शेपटीवाली मटकी नको म्हणतो ना? मिसळीतली देऊन बघा, वर थोडी शेव. शेवेखाली शेपट्या दिसत नाहीत.

---

रानमेवा | १३ जानेवारी, रात्री १०:४४

लपवाछपवी!